बिनबोटांचा दगड

समुद्रसुद्धा गोठून जातो अशा उत्तरेच्या मुलखात, फार मागे, उलायु नावाची इनुइट बाई दगडातून मूर्ती घडवायची. एकदा तिने हिरव्या दगडात शिकारी कोरायला घेतला. दगड आनंदाने नुसता फुलून गेला होता. चेहरा झाला, खांदे झाले, भाला धरलेले हातही होत आले. तेवढ्यात छिन्नीचा घाव जोरात बसला आणि सगळी बोटं खळकन खाली पडली.

"गेलास कामातून!" छिन्नी फणकारली. "बिनबोटांचा शिकारी कुणाला हवाय? मेला ठिसूळ!"

दगडाला तोंड कुठे लपवावं कळेना. आता उलायु आपल्याला फेकणार!

उलायुने खाली वाकून एकेक तुकडा वेचला आणि ती खुदकन हसली. "अगं बाई, तू होय! आमच्या जुन्या गोष्टीतली समुद्राची आई! बापाने तुला होडीतून ढकललं, तरी तू होडीचा काठ सोडेनास, म्हणून त्याने तुझी बोटं तोडली. त्या बोटांचेच सील झाले, देवमासे झाले. आम्ही जगतो ते त्यांच्यावरच."

मग तिने शिकाऱ्याच्या टोपड्याचे लांब केस केले, पायांची शेपटी केली, आणि प्रत्येक तुकड्यातून एकेक सील नाहीतर देवमासा काढला.

मूर्ती पाहायला सगळी वस्ती लोटली. दांडगे शिकारीही तिच्यापुढे मान लववून गेले.

छिन्नी ओशाळून म्हणाली, "पण तुझी बोटं रे..."

"ती होय?" दगड ऐटीत म्हणाला. "ती बघ, पोहायला गेलीत."