गोड भोपळ्याच्या तंबोऱ्या

येरळेच्या काठी बेलखडी नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या मठात पासोडी महाराज राहत. ऊन असो, थंडी असो, अंगावर एकच जाड पासोडी. म्हणून लोक त्यांना त्याच नावाने ओळखू लागले. मूळ नाव काय ते कुणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

एका वर्षी पटकीची साथ आली. आसपासच्या वस्त्यांवरची कितीतरी मुले पोरकी झाली. महाराजांनी ती मठात आणली. माधुकरी मागून त्यांचे पोट भरू लागले, पण रात्री ती रडत. महाराज म्हणाले, “पोट भरलं, पण हे रडू कुठं ठेवायचं?” आणि त्यांनी मुलांना गायला बसवले. मुले महाराजांच्या मागून अभंग म्हणत. सूर धरायला मात्र जवळ काही नव्हते.

गावातले अंतोबा सुतार तंबोरे घडवत. त्यांचे तंबोरे दूरदूरच्या गवयांकडे जात. मुलांचे गाणे एकदा ऐकले आणि त्यांनी नेम धरला. वेलावरचे उत्तम भोपळे आधी बाजूला काढायचे, त्यांच्या लहान तंबोऱ्या करायच्या आणि वैशाखातल्या उत्सवात त्या मठातल्या मुलांच्या हाती द्यायच्या. जी मुले गाणे शिकून बाहेर पडत, ती आपली तंबोरी घेऊनच जात.

तंबोऱ्याला भोपळा लागतो तो कडू. कडू भोपळ्याला कीड शिवत नाही. खायच्या भोपळ्याला आम्ही गोड म्हणतो. तो दिसायला अगदी तसाच असतो, पण वाळला की भुंगेरा लागतो आणि वर्षभरात त्याचे पीठ होते. अंतोबांच्या घरी दोन्ही प्रकारचे बी राखेत घालून ठेवलेले असे, दोन मडक्यांत. ते काम त्यांच्या पत्नीचे, गोजराबाईंचे.

गोजराबाई एका वैशाखात गेल्या. सुतक फिटल्यावर शेजारणींनी घर सारवून काढले, मडकी हलवली, पुन्हा मांडून ठेवली. मृगात अंतोबांनी नेहमीच्या जागेवरचे मडके उचलले आणि बी लावले. नजर अधू झाली होती. चाखून पाहायचे त्यांच्या मनात आले नाही. पत्नीने ठेवलेल्या बियांवर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती.

भोपळे चांगले धरले. ते वाळवून अंतोबांनी पाच तंबोऱ्या करायला घेतल्या. दृष्टी कमी पडे तिथे बोटांनी चाचपून ते काम करत. लेक म्हाळसा माहेरी आली होती. तिला ते सारखे म्हणत, “म्हाळू, हे तुझ्या आईच्या हातचं शेवटचं बी गं. पोरं गातील तेव्हा ती ऐकंल.”

उत्सव दोन दिवसांवर आला. म्हाळसा झाडायला वाकली, तर टांगलेल्या तंबोऱ्यांखाली पांढरी भुकटी पडलेली. तिने भोपळ्याला कान लावला. आत बारीक कुरकुर चालली होती. कोपऱ्यात भोपळ्यांचे कापलेले तुकडे पडले होते. त्यांतला एक तिने जिभेवर ठेवला. कडवटपणाचा मागमूस नाही.

ती तिथेच खाली बसली. दांड्या जोडून झाल्या होत्या, खुंट्या बसल्या होत्या, तारा चढल्या होत्या. आबा परसात तोंड धूत गुणगुणत होते. वर्षभरात प्रथमच गुणगुणत होते. त्यांना सांगायचे तरी काय? की आईच्या हातचे म्हणून जे जपले ते चुकीचे निघाले?

तेवढ्यात हेरंबबुवा दारात आले. बुवा जहागीरदारांच्या पदरचे गवई. विद्या मोठी, गळा गोड आणि दोन्हींचा ताठा त्याहून मोठा. आपला तंबोरा दुरुस्तीला टाकला होता, तो न्यायला ते आले होते. त्यांची नजर भुकटीवर गेली.

“हे काय गं? भोपळ्याखाली दळण मांडलंस की काय?” असे म्हणत त्यांनीही एक तुकडा उचलून दाताखाली धरला. मग ते हसायलाच लागले. “अगं, हा तर खायचा भोपळा! तुझा बाप मठाला भाजी अर्पण करतोय म्हण की. तारा लावलेली!”

“बुवा, हळू बोला. आबा मागं हायेत.”

“म्हणजे त्यांना ठाऊकच नाही? वा! माझे शिष्य तंबोऱ्यासाठी वर्ष वर्ष ताटकळतात आणि झोळी फिरवणाऱ्या पोरांना अंतोबा घरपोच देतात. कुणाच्या हातात काय शोभतं ते भुंगेऱ्याला कळलं, त्यांना नाही कळलं.”

“पाया पडते, बुवा. आबांना कळू देऊ नका. ते या कामावरच जगल्यात.”

“पाया पडून भोपळा कडू होत नसतो, बाई. उत्सवात सगळ्यांसमोर सांगणार मी.” बुवांनी तो तुकडा उपरण्याच्या टोकाला बांधला आणि आपला तंबोरा घेऊन ते निघून गेले.

म्हाळसा मठात गेली. महाराजांसमोर जायचा धीर होईना, म्हणून खांबाआड बसली. महाराजांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. समोरच्या माणसाशी बोलता बोलता एकदम म्हणाले, “म्हाळसे, तंबोऱ्यांच्या भोपळ्यांचा तो वेल तुमच्या मोरीच्या पाण्यावर अजून जगलाय, त्याला एक फळ राहिलंय ना?”

“हाय, महाराज. पण लई बारकं हाय.”

“असू दे. त्याची भाजी आण. आज मी पोटभर जेवणार आहे.”

तिने घरी येऊन फळ तोडले. घरोघरी बायका चाखतात तसा देठाकडचा काप चाखला. गोड होता. भाजी झाकून ती मठात घेऊन गेली.

महाराजांचा रिवाज असा, की पानावर चार घास ठेवून उठायचे. तो प्रसाद मुलांत वाटला जाई. त्या दिवशी मात्र महाराज एकेक फोड सावकाश खात राहिले. भाजी संपली तेव्हा त्यांनी बोटाने पान निपटून घेतले. सेवेकरी प्रसादासाठी वाटी घेऊन उभाच होता.

“आज काही मिळायचं नाही,” महाराज म्हणाले. “फार गोड होती. सगळी मीच खाल्ली.” मग म्हाळसेकडे वळून म्हणाले, “जा. आबांना तू काही सांगू नकोस. सांगणारा येतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसा उठली तर तंबोऱ्यांच्या दोऱ्यांवरून भुंगेरे वर चढत होते. तुळईवरून, भिंतीवरून त्यांची रांग लागली होती आणि ती खिडकीतून बाहेर चालली होती. एकही मेलेला नव्हता. तिने हात जोडले. पण तुकडा पुन्हा चाखून पाहायचे धाडस काही तिला झाले नाही.

उत्सवाला मठाचे अंगण भरून गेले. पाच मुले स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत ओळीने बसली होती. अंतोबांनी पहिली तंबोरी उचलली, तोच हेरंबबुवा उठले.

“थांबा, अंतोबा. मंडळी, या तंबोऱ्या गोड भोपळ्याच्या आहेत. पुढच्या वैशाखापर्यंत यांचं पीठ होईल. मी स्वतः चाखून पाहिलं आहे.”

अंतोबांचे हात तंबोरीवर तसेच थबकले. मंद नजरेने ते लेकीला शोधू लागले. म्हाळसेने मान खाली घातली.

“पुरावा हवा ना? हा घ्या!” बुवांनी उपरण्याची गाठ सोडली, तुकडा काढला आणि सगळ्यांच्या देखत कचकन चावला.

दुसऱ्याच क्षणी बुवांचा चेहरा पिळवटला. ते थुंकले, पुन्हा थुंकले. काही तरी लबाडी आहे असे वाटून त्यांनी तंबोरीची कड नखाने खरवडली आणि नख जिभेला लावले. डोळ्यांतून पाणी आले. सेवेकऱ्याने तांब्या पुढे केला, तर तोंडात पाणीही कडू! मुले हसू लागली. महाराजांनी हातानेच त्यांना गप्प केले.

“हसू नका रे. बुवा खोटं बोलले नाहीत. भोपळा गोडच होता. त्याची गोडी मी जेवलो.”

अंतोबांनी विचारले, “म्हाळू, बी चुकलं हुतं व्हय गं?”

“व्हय, आबा.”

“आन् तू एकटीच घेऊन बसलीस हे?”

अंतोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तंबोरी दुसऱ्या हातात तशीच होती.

“बाबांनो,” महाराज म्हणाले, “गोजरानं दोन्ही मडकी माझ्याच पोरांसाठी भरली होती. एकातलं जेवायला, एकातलं गायला. यंदा अदलाबदल झाली, एवढंच.”

हेरंबबुवा हे सारे ऐकत उभे होते. उपरण्याची गाठ सुटून टोक जमिनीवर लोळत होते. ते महाराजांपुढे आले. “महाराज, तोंडातलं कडू जात नाही.”

“जाईल. आधी पोरांच्या तंबोऱ्या लावून द्या. इथं तुमच्याएवढा सुराचा जाणता कोण आहे?”

बुवा मुलांच्या ओळीत मांडी घालून बसले. एकेक खुंटी पिळून त्यांनी पाचही तंबोऱ्या सुरात आणल्या. कोणत्या बोटाने तार छेडायची तेही दाखवले. मुलांनी गायला सुरुवात केली, तेव्हा बुवांनी तांब्यातले पाणी पुन्हा तोंडाला लावले. पाणी पाण्यासारखे लागले. तांब्या खाली ठेवून ते उठले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी अंतोबांच्या पायांवर डोके ठेवले. “उठा बुवा, उठा,” म्हणत अंतोबा अवघडून मागे सरले.

पुढच्या हिवाळ्यात अंतोबा गेले. त्या तंबोऱ्यांना पुन्हा कधी कीड लागली नाही. हेरंबबुवा दर वैशाखात मठात येत आणि मुलांना शिकवायला बसत. अंतोबा ज्या खांबाशी टेकून गाणे ऐकत, ती जागा म्हाळसा आधीच सारवून ठेवी. बुवा आधी त्या जागेपुढे वाकत, मग महाराजांपुढे. आणि हा क्रम महाराजांनीच लावून दिला होता.