भिवराक्काचे ओगराळे

ज्या काळी माणदेशात धान्य कणगीपेक्षा जमिनीच्या पोटात अधिक सुरक्षित मानले जाई, त्या फार जुन्या काळी खडकोशी गावात भिवराक्का नावाची बाई राहत होती. ऐन तारुण्यात वैधव्य आले म्हणून ती माहेरी परतली आणि आईविना उरलेल्या धाकट्या भावाला, दौलतीला, तिने पोटच्या पोरासारखे वाढवले. भैरोबाच्या भंडाऱ्याचा स्वयंपाक तिच्याच हाती असे. तिच्या भल्यामोठ्या कढईपासून, काहिलीपासून, कोणी उपाशी गेला नाही, असे म्हणतात.

भंडाऱ्याच्या पंगतीचा नेम एकच होता. वाढणाऱ्याने स्वतःच्या पानात वाढून घ्यायचे नाही. तो शेवटी बसे आणि गाव त्याला वाढी.

पुढे दौलतराव मुख्य पंच झाला. गावाचे एक सामाईक पेव, जमिनीत खणलेले धान्याचे कोठार, होते. सुगीला घरोघरचे धान्य त्यात पडे आणि दुष्काळात ते सर्वांना मिळे. वाटणीचे काम पंचांकडे होते, आणि त्याबद्दल गाव त्यांना ओंजळभर अधिक देई. पण आपल्या श्रमांचे मोल आपल्याइतके कोणाला कळणार, असे पंचांना वाटू लागले. मग ते देवळाचे दार आतून लावून बसले आणि बाहेर आले ते आपला वाटा दुप्पट करूनच! पुढल्या वर्षी दार पुन्हा लागले. त्यात घोड्याचा दाणा आला, पाहुण्यांचा शिधा आला. पंचकी सुटली तरी वाटा हयातभर चालावा, हेही ठरले. एरवी बांधाच्या भांडणावर वर्षानुवर्षे एकमत न होणारे हे पंच या एका बाबतीत क्षणात एकमुखी होत. केवढा हा निलाजरेपणा!

मग पाऊस रुसला. पेव उघडले तर तळाशी थोडे धान्य आणि पेरणीचे बी. त्यातूनही पंचांनी आधी आपला वाटा उचलला. भिवराक्का तडक भावाकडे गेली.

"दौलू, लोकांच्या चुली थंड पडल्यात. वाटा पेवात परत टाक."

"आक्का, ठराव झालाय."

"केला कुणी?"

"पंचांनी."

"आन् वाटा घेतला कुणी?"

दौलतराव हसला. "तुला न्हाई कळायचं त्यातलं. तू आपली काहील बघ."

"बघते की," ती म्हणाली.

भंडाऱ्याला हुलग्याचे पातळ माडगे शिजले. पंचांनी वाढले, गाव जेवले. शेवटी पंच बसले, तेव्हा भिवराक्काने वाढायचे ओगराळे त्यांच्यापुढे आपटले.

"पेवात हात घालताना गाव लागलं न्हाई, मग हितं कशाला? घ्या की वाढून!"

एका पंचाने हसत ओगराळे काहिलीत बुडवले. वर आले ते कोरडे ठणठणीत. दुसऱ्याने बुडवले, तसेच. काहील अर्धी भरलेली, वाफ निघते आहे, आणि ओगराळे रिकामे! "चेटूक हाय ह्ये!" कोणी ओरडला. भिवराक्काने तेच ओगराळे घेऊन उशिरा आलेल्या हरणा कुंभारणीला वाढले, ते काठोकाठ भरून आले, असे म्हणतात.

"आक्का," दौलतराव हळूच म्हणाला, "तू तरी वाढ. भूक लागलीया."

लहानपणी तो असाच पदराला धरून मागे. तिचा हात आपसूक पुढे झाला. मग दुसऱ्या हाताने तिने तो धरून ठेवला.

"मी भन हाय तुझी. मी वाढलं म्हंजे तूच वाढून घेतल्यासारखं. गावाला इचार."

तिने तोंड फिरवले, कारण डोळे भरले होते. दौलतराव खाली मान घालून उठला. मग रिकामे पान घेऊन गावापुढे उभा राहिला.

"वाटा पेवात टाकतो. माझं काय त्ये तुम्ही ठरवा."

हरणा उठली आणि तिने त्याला अर्धेच ओगराळे वाढले. "आमच्या घरी सध्या एवढ्यावरच भागतंय, पंच."

बाकीचे पंचही रिकामी पाने घेऊन उठले आणि त्यांचेही वाटे पेवात परत गेले. त्या साली गाव अर्धपोटी राहिले, पण बी वाचले. भिवराक्का गेली तेव्हा तिची काहील विस्तवाशिवाय कित्येक दिवस ऊन होती, असे म्हणतात.

आजही खडकोशीत पंचांना काय द्यायचे हे ठरते, तेव्हा पंच वेशीबाहेर बसतात आणि गाव ठरवते. भंडाऱ्यात त्यांना सर्वांच्या मागून वाढतात. मध्यंतरी एका नव्या पंचाने "कुठल्या जमान्यातल्या गोष्टी!" म्हणत भर पंगतीत स्वतःच ओगराळे उचलले. ते भरून आले की रिकामे, हे कोणी पाहिलेच नाही. जेवते हात थांबवून सारी पंगत उठून उभी राहिली होती.