जटालाची चिलीम

एका राज्यात, जिथे डोंगर जागा बदलत आणि पक्षी माणसांशी बोलत, रत्नकेतू नावाचा राजा होता. त्याची राणी इरावती. लढाईत राजाच्या खांद्यात बाण शिरला. घाव भरला, पण कळ राहिली, आणि कळेने झोप पळवली.

तेव्हा दरबारी जटाल नावाचा मांत्रिक आला. अंगाला राख, डोळे गुंजेसारखे लाल, हातात काळ्या दगडाची चिलीम.

"महाराज, हा गांजा ओढा. कळ विसराल."

राजवैद्य उठून म्हणाले, "महाराज, गांजा आमच्याही बटव्यात आहे. पण तो मापाने आणि कारणापुरता. या चिलमीला माप दिसत नाही."

राजाने वैद्यांकडे पाहिले नाही. त्याने झुरका घेतला. कळ थांबली. राजा हसला, पोटभर जेवला, गाढ झोपला. राणीला वाटले, देव पावला. तरी जटाल जाता जाता राजमुद्रेकडे का पाहत होता, हे तिच्या मनात खुपत राहिले.

मग चिलीम रोजची झाली. सकाळची झाली. पुढे जटाल राजाच्या उशाशीच राहू लागला, आणि वैद्यांना सीमेपार धाडले गेले. राजा बोलता बोलता मध्येच थांबे आणि विचारी, "मी काय सांगत होतो?" दोन जिने चढला की छाती धडधडे. खोकला काही केल्या जाईना, आणि रात्री डोळा लागेना. चिलीम मिळायला उशीर झाला तर हात थरथरत आणि समोरचे ताट भिंतीवर जाई. दरबारात आता जटालच हुकूम सोडी. राजा नुसती मान हलवी.

एके दिवशी राजा दचकून म्हणाला, "कोण कुजबुजते आहे?"

"कोणी नाही, महाराज," राणी म्हणाली.

"म्हणजे तूही त्यांच्यातलीच."

त्या दिवसापासून राणीच्या हातचे अन्न राजाने सोडले. राणी दिवसभर त्या धुरात बसे. हळूहळू तिलाही दासींची पावले चोरटी वाटू लागली, आरशातला स्वतःचा चेहरा लबाड वाटू लागला. आणि एका सकाळी दवंडी पिटली: राणी राजाच्या दुधात विष कालवते, येत्या पौर्णिमेस तिला कड्यावरून लोटावे. मुद्रा राजाची होती. शब्द जटालाचे होते.

राणी खिडकीशी उभी होती. तिथे एक भारद्वाज येऊन बसला.

"राणी, राजा आजारी आहे, आणि त्याची चोरीही झाली आहे. ती चिलीम शापित आहे. जो ती रोज ओढतो त्याची झोप, स्मृती आणि श्वास काजळडोंगराच्या गुहेत जाऊन पडतात. त्यांवर जटालाचे बळ चालते."

"तुझ्यावर विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नकोस. माझ्यामागे ये आणि स्वतः पाहा."

राणी दासीचे लुगडे नेसून महालाबाहेर पडली. वाटेत ती सारखी वळून पाही, आणि त्याहून अधिक वेळा पुढच्या पक्ष्याकडे पाही.

गुहेच्या पहिल्या दालनात राजाची झोप होती. ती पांढऱ्या सशाच्या रूपाने पिंजऱ्यात बसली होती. पिंजऱ्याभोवती एक नाग होता. नाग म्हणाला, "हा पक्षी जटालाचा हेर आहे. त्याची मान मुरगाळ, पिंजरा उघडेल."

राणीने भारद्वाजाला विचारले, "खरे का हे?"

"नाही," पक्षी म्हणाला. दुसरा पुरावा त्याच्यापाशी नव्हता.

राणीचा हात उचलला गेला होता. मग तिने विचार केला: हा नाग जीव घ्यायला सांगतो, पक्षी नुसते पाहायला सांगत होता. तिने पिंजऱ्याचे दार ओढले. दाराला कुलूपच नव्हते. नाग भिंतीत विरून गेला. राणीने ससा पदरात घेतला.

दुसऱ्या दालनात विहीर होती. चिलमीने बुडवलेल्या कित्येकांच्या स्मृती तिच्या तळाशी होत्या. राणीने हाक मारताच साऱ्याच ओरडल्या, "मीच रत्नकेतू! मला वर काढ!"

राणी म्हणाली, "आपल्या लग्नात अंतरपाटामागे काय झाले?"

विहीर शांत झाली. मग खोल तळातून एक आवाज आला, "भटजींना शिंक आली, अक्षता त्यांच्याच नाकात गेल्या, आणि मला हसू आवरेना."

राणीने तो आवाज विहिरीकाठच्या कळशीत भरून घेतला. जाताना तिने विहिरीचा कठडा ढकलून पाडला. बाकीच्या स्मृती पाण्यावर आल्या आणि आपापल्या घरी उडून गेल्या.

तिसऱ्या दालनात राजाचा श्वास लोहाराच्या भात्यात कोंडला होता. भात्यापाशी जटालाची सावली उभी होती.

"श्वास नेलास तरी राजा तुला कड्यावरून लोटणार. इथे राहा. जिवंत राहशील."

"असेलही," राणी म्हणाली आणि तिने भाता काखेत मारला. ती तशीच चालू लागली.

राणी कड्यावर आली तेव्हा पौर्णिमेचा दिवस उजाडला होता. तिथे राजा बसला होता, धापा टाकीत, शेजारी जटाल. शिपाई राणीला धरायला धावले. तिने ससा राजाच्या मांडीवर सोडला आणि राजा बसल्या जागी झोपी गेला. राजा झोपेत असता शिक्षा देता येत नसे, म्हणून शिपाई थांबले. राजा जागा झाला तेव्हा राणीने कळशी त्याच्या ओठी लावली, मग भात्याचे तोंड उघडले. राजाने छातीभर श्वास घेतला आणि तिला नावाने हाक मारली.

पण दुसऱ्याच क्षणी तो मागे सरला. डोळ्यांत भय तसेच होते.

भारद्वाज म्हणाला, "भय गुहेत नव्हते, राणी. ते राजाच्या आत आहे. ते त्याचे त्यालाच ओलांडावे लागेल."

राणीने दूधभाताचा वाडगा आणवला आणि राजासमोर धरला.

"यात विष आहे असे मला अजून वाटते," राजा म्हणाला.

"ठाऊक आहे."

"आधी तू खाऊन दाखव."

"खाईन, महाराज. पण मग उद्या पुन्हा खावे लागेल, आणि परवाही."

जटाल चिलीम पुढे करून पुटपुटला, "एकच झुरका, महाराज. भय जाईल."

राजाने चिलमीकडे पाहिले. हात तिच्याकडे गेला, घाम फुटला. मग तोच हात त्याने वाडग्यात घातला आणि डोळे मिटून घास गिळला. दुसरा घास त्याने डोळे उघडे ठेवून घेतला. तिसरा घास पोटात जाताच जटालाच्या हातात चिलीम तडकली. तिच्यातून धुराऐवजी नुसती राख सांडली, आणि त्या राखेत जटालही सांडला. वाऱ्याने दोन्ही कड्याखाली नेले.

शाप उतरला. देह एका दिवसात बरा होत नाही. राजाला कित्येक दिवस भयानक स्वप्ने पडत, अन्न नकोसे होई, क्षुल्लक गोष्टीवर तो भडके. राणी सोसत होती. न सोसवे तेव्हा ती दुसऱ्या महाली जाऊन झोपे. वैद्यांना मानाने परत आणले. खांद्याला तेल आले, शेक आला. कळ अर्धी राहिली. खोकला सावकाश सरला. लढाईनंतरच्या वर्षातले काही दिवस मात्र राजाला पुन्हा कधी आठवले नाहीत.

राजाने नवी आज्ञा काढली: धुरात बुडालेल्याला कोठडीत टाकू नये, वैद्यांकडे आणावे. पहिला आला तो एक कोष्टी. त्याला धरून आणावे लागले. घामाने निथळत, कोणाकडेही पाठ न करता, तो भिंतीला टेकून बसला. राजा त्याच्या शेजारी जमिनीवर बसला.

"महाराज," कोष्टी म्हणाला, "हे जाते का?"

"बरेचसे जाते," राजा म्हणाला. "आज मी इथेच बसतो."

असा त्या राज्यावरचा धूर निवळला. ऐकणाऱ्यांची मने निर्मळ राहोत.