शवागारातला आवाज

मिशनच्या दवाखान्यात बेवारस माणूस वारला की तिथल्या परिचारिका एस्तेरबाई बोर्डे त्याला अंघोळ घालत, पांढऱ्या चादरीत गुंडाळत आणि चर्चच्या पाळकांना बोलावून प्रार्थनेसह त्याचं दफन करवत. नवे मुख्य डॉक्टर टिळेकर यांना हे थोतांड वाटे. त्यांचा दरारा मोठा. रागावले की आवाज तीन वॉर्डांपलीकडे जाई.

एका सकाळी बाई शवागारात एका अनोळखी म्हाताऱ्याचे पाय धूत होत्या. डॉक्टर आत आले आणि हलकेच म्हणाले, "बाई, आजपासून हे बंद. माणूस मेला की उरतात ती नुसती रसायनं. याला नगरपालिकेच्या गाडीत घाला."

बाईंनी तांब्या खाली ठेवला.

"साहेब, मी याला देवाच्या प्रतिरूपाचा माणूस मानते. तुम्ही रसायनं मानता. मग एक विचारू?"

"विचारा."

"वॉर्डात जित्या माणसांवर तुम्ही ओरडता. इथं पाऊल ठेवल्यापासून मात्र कुजबुजताय. रसायनांची झोप मोडेल म्हणून?"

डॉक्टरांनी घडी घातलेली चादर उचलली, उलगडली आणि तिचं एक टोक बाईंच्या हातात दिलं.