कुंभेरीच्या ओढ्यावरचा तिबोटी

“...मग एकट्यानं माणसं न्यायला मी अजून कुठं कमी पडतो, मामा?”

धुळूमामा झोरे वाटेकडेला बसले होते. पायाला लागलेली जळू ते तंबाखूच्या पाण्यानं सोडवत होते.

घाटमाथ्यावरच्या कुंभेरीच्या रानात पाखरं दाखवायला मामा वीस वर्षं माणसं नेत होते. अमोघ केळुसकर त्यांच्याबरोबर चार पावसाळे फिरला होता. दोनशे पाखरं तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा. त्याचे कान तिखट होते, आणि ते तिखट आहेत हे त्याला फार लवकर कळलं होतं. घोटाळा तिथंच होता.

“पाखरू वळकायला कमी न्हाईस,” मामा शेवटी म्हणाले.

“मग?”

मामा उठले आणि वाटेला लागले.

मागे सहा पाहुणे होते, शहरातून आलेले, कॅमेऱ्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेले. धुकं एवढं, की पुढच्याची पाठ तेवढी दिसावी. दोन तास चालून कुणाला धड काही दिसलं नव्हतं. कुरकुर सुरू झाली होती.

ओढ्यापाशी एका बाईंनी विचारलं, “काका, तिबोटी खंड्या इथंच असायचा ना? तो इवलासा, रंगीत?”

“हुता. दोन वर्सं झाली, येत न्हाई.”

“अरेरे... का हो?”

“गर्दी लई झाली. गेला.”

तेवढ्यात ओढ्याच्या वरच्या अंगाला आवाज आला. सुईसारखा बारीक, पाण्याच्या खळखळाटात हरवून जावा असा.

अमोघ थांबला. मामा थांबले नाहीत.

“मामा, तिबोटी!”

“चल पुढं.”

“अहो, आहे तो! आत्ता बोलला.”

मामा मागे आले. त्यांनी अमोघचं मनगट धरलं, चांगलं घट्ट. “पाण्याचा आवाज हाय त्यो. चल.”

पण सगळे पाहुणे अमोघकडे बघत होते. चार वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. एरवी बघायचे ते मामांकडे. मला अमोघचा राग येतो आणि कीवही येते. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्यानं मनगट सोडवून घेतलं.

“मामांचं वय झालंय,” तो हसत पाहुण्यांना म्हणाला. “इतका बारीक आवाज आता त्यांना ऐकू येत नाही.”

पाहुणेही हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं.

मामा तिथंच एका दगडावर बसले. अमोघ सगळ्यांना घेऊन वर गेला. मातीच्या दरडीत, नेच्यांच्या आड, लहानसं भोक होतं. थोड्या वेळानं चोचीत पाल धरून पाखरू आलं, निळं, नारिंगी, जांभळं, आणि साऱ्यांनी श्वास रोखला. फार सुंदर होतं ते. हेही सांगितलं पाहिजे.

फोटो त्याच संध्याकाळी कुठं कुठं पोचले. दुसऱ्या दिवसापासून गाड्या येऊ लागल्या. उजेड नीट पडावा म्हणून कुणी भोकासमोरचे नेचे छाटले. पाखरानं समोर बसावं म्हणून कुणी फांदी रोवली. सकाळपासून अंधार पडेपर्यंत दरडीसमोर माणसंच माणसं. पाखरू चोचीत खाणं घेऊन यायचं, माणसं बघायचं आणि माघारी फिरायचं.

“जरा मागे सरका,” अमोघ म्हणायचा. कुणी सरकत नव्हतं. मग तोही म्हणेनासा झाला.

नवव्या दिवशी सकाळी तो मामांच्या दारात येऊन उभा राहिला.

“मामा... आवाज येत नाहीये.”

मामांनी डोक्यावर इरलं घेतलं आणि ते निघाले.

दरडीसमोर अजून कुणी आलेलं नव्हतं. भोकातून मुंग्यांची रांग खाली उतरत होती. भुकेपोटी एक पिल्लू सरकत सरकत भोकाच्या तोंडापर्यंत आलं होतं आणि तिथंच राहिलं होतं. मामांनी ते अलगद काढलं, त्याच्यावरच्या मुंग्या फुंकरीनं उडवल्या आणि अमोघच्या तळहातावर ठेवलं.

त्याला काही वजनच नव्हतं.

“आत अजून दोन असत्याल,” मामा म्हणाले.

अमोघ रडायला लागला. मामांनी त्याला रडू दिलं.

“तुम्हाला... तुम्हाला ऐकू येत होतं?”

“रोज.”

“मग मला आधी सांगायचं होतंत, मामा! एका शब्दानं तरी!”

“सांगितलं असतं, तर त्या दिवशी गप ऱ्हायला असतास?”

“नाही,” अमोघ म्हणाला.

खालच्या वाटेवरून बोलणं ऐकू आलं. कुणीतरी मोठ्यानं हसलं. नवी माणसं कॅमेरे घेऊन चढून येत होती.

“मी आता काय करू, मामा?”

“माणसं आली बघ. आज तू एकटा जा त्यांच्याबरूबर.”

“नको मामा... त्यांना काय सांगू मी?”

मामांनी इरलं डोक्यावर सारखं केलं.

“तिबोटी न्हाई म्हणून सांग. मी दोन वर्सं खोटं सांगत हुतो. आता तू खरं सांग.”