नीलव्वाची चुकलेली प्रार्थना

ही कथा सांगायला बसशील तेव्हा जरा सांभाळून, असं सासूबाईंनी मला बजावलं होतं. मी हसून ‘बरं’ म्हटलं आणि सोडून दिलं. परवा महिला मंडळाच्या उपासनेत मांडीवर लेकरू घेऊन सांगायला लागले, आणि निम्म्या वाटेत आवाजच फुटेना. म्हणून लिहून काढते आहे. वाचणाऱ्या आयाबहिणींनी गोड मानून घ्यावं.

कृष्णाकाठच्या सोनतळी गावात करुणादास महाराजांचा मुक्काम होता. अंगात भगवी कफनी, गळ्यात लाकडी क्रूस, हातात चिपळ्या. ख्रिस्ती देवळाबाहेरच्या चिंचेखाली महाराज ख्रिस्ताचं भजन करत आणि तिथं कुणीही येऊन बसे. तरुणपणी महाराज पायी फार हिंडले होते; बंदरांतले खलाशी, कर्नाटकातले विणकर, रानातले धनगर, साऱ्यांच्या घरी जेवले होते.

एकदा दामू सोनारानं विचारलं, “महाराज, एवढे मुलूख पाहिलेत. माणसानं कशासाठी जगायचं, ते कुठं कळलं का?”

महाराज म्हणाले, “दामू, बोली बदलली, देवाचं नाव बदललं, भाकरीचं पीठसुद्धा बदललं. एक गोष्ट मात्र सगळीकडं तीच पाहिली. लेकराला घास भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं. घास त्याचा, तोंड हिचं! दुसऱ्याच्या भुकेला आपलं तोंड उघडतं ना, प्रभू तिथंच येऊन बसलेला असतो. मला तरी जगण्याचा अर्थ तिथंच भेटला.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वांत जोरात डोलावली ती एस्तेरबाईंनी.

एस्तेरबाई म्हणजे मिशनच्या शाळेतल्या शमुवेल मास्तरांच्या पत्नी. बोर्डिंगात शिकलेल्या, मराठी अगदी तासून घेतल्यासारखं. मिशननं दिलेली औषधांची पेटी त्यांच्याच घरी असे. बायकांना प्रार्थना शिकवण्याचं कामही त्यांचंच. कडेवर तबीथा नावाची तान्ही मुलगी. तिला शिंक आली तरी बाईंचं काळीज हलायचं.

त्या बायकांत नीलव्वा येऊन बसायची. विजापूरकडची, विहिरी खणणाऱ्यांच्या टोळीतली. तिचंही लेकरू तान्हंच, मल्लू त्याचं नाव. महाराज तिच्याशी कानडीत बोलत, म्हणून ती पहिल्यांदा आली आणि येतच राहिली. मराठी ती ऐकून ऐकून शिकलेली. तिच्या कानडीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द. त्यामुळं सगळ्याजणी ‘आमच्या स्वर्गातल्या बापा’ म्हणत, तेव्हा हिचा मोठा आवाज यायचा, “आपल्या सर्गातल्या बापा! आपली रोजची भाकर आज आपल्याला दे!”

एस्तेरबाईंनी दोनदा सुधारलं. तिसऱ्यांदा हात वर करून सगळ्यांना थांबवलंच.

“अगं नीलव्वा, ‘आपल्या’ म्हटलं की ऐकणाराही त्यात आला! म्हणजे देवालासुद्धा बाप आहे होय गं? आणि भाकरीच्या पंगतीला त्यालाही पाट मांडलास?”

बायका खो खो हसल्या. नीलव्वाही हसली, कारण सगळ्या हसत होत्या. मग तिला कळलं, आणि ती मल्लूचं टोपडं उगाच नीट करत बसली.

चिंचेखालून महाराज म्हणाले, “मास्तरीणबाई, पाट मांडला तर तो बसेल हो. अनोळखी माणसाच्या घरी भाकर मोडायला बसणारा आहे तो.”

“महाराज, शुद्ध बोलायला नको का?” बाई म्हणाल्या. महाराजांनी चिपळ्या उचलल्या आणि भजन धरलं.

पुढच्या रविवारी नीलव्वा आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. टोळी दुसऱ्या गावी गेली असेल, असं कुणीतरी म्हणालं, आणि तिच्या जागेवर दुसऱ्या बायका सरकून बसल्या.

असेच काही आठवडे गेले. मग एस्तेरबाईंनाच ताप भरला. ताप उतरला, पण दूध आटलं ते आटलंच. तबीथाला गाईचं दूध पाजावं तर उलटून पडे. शेळीचं झालं, पेज झाली, साखरेचं पाणी झालं. मिशनचा डॉक्टर दौऱ्यावर गेलेला. पोरीचं रडणं बारीक होत गेलं आणि एका दुपारी थांबलंच. नुसते ओठ हलायचे. मास्तर अनवाणी धावत महाराजांकडे गेले.

महाराज आले. पोरीच्या टाळूवर हात ठेवून म्हणाले, “नीलव्वाकडे चला.”

“नीलव्वा?” तशा अवस्थेतही बाईंच्या तोंडून निघालं, “तिचं दूध? माझ्या तबीला?”

महाराज दाराकडं वळले. बाईंनी मान खाली घातली, लेकरू पदरात गुंडाळलं आणि निघाल्या.

विहिरीच्या कामावर टोळीची पालं तिथंच होती. कुणी कुठंही गेलं नव्हतं! नीलव्वा पालाबाहेर बसली होती. मागं बांबूला बांधलेली झोळी होती. झोळी हलत नव्हती, फुगलेली नव्हती.

“मल्लू कुठाय गं?” एस्तेरबाईंनी विचारलं.

“गेला की, बाई.”

“कधी? अगं, आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?”

“कुणी इचारलंच नाही.” नीलव्वाच्या बोलण्यात राग नव्हता, कुणी वाट विचारावी आणि सांगावी, तसं ती सांगत होती. “त्याला ताप आला. तुमच्याकडं औषधाला निघाले होते मी. दारापर्यंत आले. आत तुम्ही बायकांना माझं बोलणं करून दाखवत होता. आता मराठीत काय सांगू, कसं सांगू… मग परत फिरले.”

आयांनो, एस्तेरबाईंना तो दिवस आठवला. हसणं आठवलं. दारात सावली हललेली दिसली होती, तेही आठवलं. पायाखालची जमीन फाटली असती तर त्या आनंदानं आत गेल्या असत्या. पण हातात लेकरू होतं. तोंड लपवायलासुद्धा हात मोकळा नव्हता.

नीलव्वानं एकदा तबीथाकडं पाहिलं आणि काही न विचारता हात पुढं केले. पोरीला मांडीवर घेतल्यावर मात्र तिचा चेहरा पडला.

“महाराज, माझं आटलंय. मल्लू गेला तसं आटलंय.”

“असू दे, बाळ,” महाराज म्हणाले. “तू प्रार्थना म्हण.”

नीलव्वानं डोळे मिटले. तोंड उघडलं आणि तशीच थांबली. डोळे उघडून तिनं एस्तेरबाईंकडं पाहिलं.

“बाई, पहिला शब्द काय म्हणायचा हो? माझा चुकतो ना.”

तासून घेतलेलं ते सगळं मराठी बाईंच्या काही कामाला आलं नाही. कशाबशा त्या म्हणाल्या, “तू म्हणतेस तसाच म्हण गं. तसाच म्हण.”

“आपल्या सर्गातल्या बापा,” नीलव्वा म्हणाली, “आपली रोजची भाकर आज आपल्याला दे…”

महाराजांचे ओठ तिच्या शब्दांबरोबर हलत होते. आणि भाविकहो, काय ती दयाघनाची दया! नीलव्वाच्या चोळीवर ओल दिसली. तिनं “यव्वा!” म्हणून कानडीत आईला हाक मारली आणि घाईघाईनं पदराखाली पोरीला लावलं. अर्धमेल्या तबीथानं एकदा घोट ओढला, दुसऱ्यांदा ओढला, आणि मग घटाघटा पिण्याचा आवाज मागोमाग येऊन लांब उभ्या राहिलेल्या मास्तरांनाही ऐकू आला. पोर पीत होती आणि नीलव्वाचं तोंड आपोआप उघडत होतं, मिटत होतं. डोळ्यांतून मल्लूसाठी पाणी गळत होतं, ते तबीथाच्या गालावर पडत होतं.

एस्तेरबाई मातीत बसल्या आणि नीलव्वाच्या पायांवर त्यांनी कपाळ टेकलं. हुंदका आवरेना.

“अवं बाई, हळू!” नीलव्वा कुजबुजली. “पोरगी दचकंल. पिऊ द्या तिला.”

मास्तर म्हणाले, “महाराज, प्रभूनं आमचं लेकरू दिलं.”

“दिलं,” महाराज म्हणाले. “आणि एक लेकरू आपण सगळ्यांनी मिळून घालवलं. मीही त्याच चिंचेखाली भजन करत बसलो होतो. मास्तर, मल्लूला कुठं ठेवलंय ते नीलव्वाला विचारा. आज सगळे तिथं जाऊ.”

विहिरीच्या उकरलेल्या मातीपलीकडं छोटीशी जागा होती. एस्तेरबाईंनी तिथं डोकं ठेवलं ते पुष्कळ वेळ उचललं नाही. लेकरू वाचल्याचा आनंद होता, पण तो तोंडावर आणायची त्यांना लाज वाटत होती.

वाचणाऱ्या बाई, तुमच्या उपासनेला, तुमच्या नळावर, तुमच्या जिन्यात येणारी कुणीतरी हल्ली दिसत नसेल. गेली असेल कुठं, असं तुम्ही म्हणाला असाल. हे खाली ठेवा आणि आत्ताच जा तिच्याकडं. निरोप धाडू नका, स्वतः जा. दार वाजवा आणि आधी लेकरांची नावं घेऊन विचारा.