साहेबांची सही

ज्यांनी आयुष्यात स्वतः एक वायर जोडली नाही, तेच लोक लॅपटॉपला किती पोर्ट हवेत हे ठरवतात.

प्रांतसाहेब घारपुरे यांनी चाळीस तलाठ्यांसाठी पातळ, देखणा लॅपटॉप निवडला. त्याला एकच बारीक पोर्ट होता. डिजिटल सहीचं डोंगल जुन्या, रुंद पोर्टातच बसतं आणि सहीशिवाय सातबारा निघत नाही. म्हणून तलाठी वनिता मडावी बैठकीत उभी राहिली.

"मॅडम, जग पुढे गेलं," साहेब म्हणाले. "एक अडॅप्टर खिशात ठेवायचा, झालं. एवढं जमत नाही?"

बैठक हसली.

"जमेल की, सर," वनिता म्हणाली. "मग खरेदीच्या आदेशावर तुमची सही आत्ता नमुना म्हणून आणलेल्या या नव्या लॅपटॉपवरूनच होऊ द्या."

साहेबांनी ऐटीत डोंगल काढलं. लॅपटॉप डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. मग सगळे खिसे चाचपले.

"अडॅप्टर, सर?" वनिताने विचारलं.

"घरी राहिला." साहेबांनी डोंगल परत खिशात टाकलं. "रुंद पोर्टवाले मागवा."

चाळीस जणांचा जीव भांड्यात पडला.

दारातले शिपाई दौलतमामा अदबीने म्हणाले, "साहेब, या सहीसाठी ऑफिसातला जुना जाडा लॅपटॉप आणू का?"